लाकूड कुठून आले?

जहाजाची लाकडी प्रतिकृती करताना सुरुवातीलाच दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. मूळ जहाज किती पट लहान करायचे, ही पहिली. लाकूड कोणते घ्यायचे, ही दुसरी. पहिली गणिताने सुटते. दुसरी निव्वळ कारागिरीची बाब वाटते, पण तिच्या पोटात एक जुना तात्त्विक प्रश्न दडलेला आहे. वस्तूची ओळख तिच्या रूपात असते की ज्या द्रव्याची ती बनली त्या द्रव्यात? सागवानी जहाजाची प्रतिकृती पेरूच्या लाकडात केली, तर ती कमी खरी ठरते का? आणि परसातले, बांधावरचे, वखारीत कधीच न मिळणारे लाकूड त्यासाठी घेतले, तर त्या लाकडावरचा हक्क कुठून येतो? कोकणात जहाजबांधणी आणि झाडांविषयीचा धर्मविचार शेजारी शेजारी वाढले. त्यामुळे तिथे या प्रश्नांचा एकत्र विचार करण्याइतकी सामग्री हाताशी आहे.

सुरुवात सागापासून करणे योग्य. पश्चिम किनाऱ्यावर मोठे जहाज म्हणजे सागवान, हे समीकरण दीर्घकाळ टिकले. लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये सुरतेहून मुंबईत आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजे बांधली. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज 1817 मध्ये पाण्यात उतरले. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे. सागाची थोरवी मुख्यतः त्याच्या अंगच्या तेलात आहे. या तेलामुळे लाकूड सहजी कुजत नाही, किडीला दाद देत नाही आणि ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळा गंजतो तसा तो सागात गंजत नाही. शिवाय वाळल्यावर साग फारसा आक्रसत नाही. तेव्हा 'ट्रिंकोमाली'ची प्रतिकृती करणाऱ्याने सागच घ्यावा, हे ऐकताक्षणी कोणालाही पटेल.

प्रत्यक्षात काय होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. 1:48 हे प्रतिकृतींचे एक रूढ प्रमाण. त्यात मूळचा एक फूट पाव इंचात बसतो. 10 इंच रुंद आणि 3 इंच जाड फळी या प्रमाणात सुमारे 5.3 मिलिमीटर रुंद आणि 1.6 मिलिमीटर जाड होते. सागाच्या प्रत्येक वार्षिक कड्यात हंगामाच्या सुरुवातीच्या वाढीची छिद्रे नुसत्या डोळ्यांना दिसतात. एकेक छिद्र साधारण पाव मिलिमीटर रुंदीचे असते, आणि लाकूड उभे कापले की ही छिद्रे फळीच्या अंगावर लांब चऱ्यांच्या रूपाने उघडी पडतात. पाव मिलिमीटरची चर 48 पट मोठी धरली तर ती 12 मिलिमीटरची होते. म्हणजे सागाची ती प्रतिकृती पाहणाऱ्यासमोर असे जहाज उभे करते, ज्याच्या फळ्याफळ्यांवर बोटभर रुंदीच्या भेगा पडल्या आहेत. खऱ्या 'ट्रिंकोमाली'वर अशा भेगा नव्हत्या. मूळ जहाज ज्या द्रव्याने तारले, तेच द्रव्य प्रतिकृतीत त्या जहाजाविषयी खोटे बोलते.

यामागचे तत्त्व गॅलिलिओने 1638 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या शेवटच्या मोठ्या ग्रंथात मांडले. त्या ग्रंथातला संवाद व्हेनिसच्या जहाजांच्या गोदीतल्या कामापासूनच सुरू होतो. लहान नमुना भक्कम उभा राहतो, आणि त्याच लाकडाचे, त्याच आकाराचे मोठे जहाज मात्र स्वतःच्या भाराने मोडू शकते, असे का? भूमितीला लहानमोठे सारखेच असते, पण द्रव्याला तसे नसते, हे गॅलिलिओचे उत्तर. वजन घनाच्या हिशेबाने वाढते आणि ताकद छेदाच्या क्षेत्रफळाच्या हिशेबाने. लाकडाचे तंतू, छिद्रे, वार्षिक कडी यांना कोणत्याही प्रमाणपट्टीची आज्ञा लागू होत नाही. द्रव्याची प्रतिकृती होतच नाही. प्रतिकृती होते ती फक्त रूपाची.

हे मान्य केले की अनवट स्थानिक लाकडांना दार आपोआप उघडते. युरोपातल्या कारागिरांनी सतराव्या-अठराव्या शतकांत आपल्या आरमारी प्रतिकृतींसाठी बॉक्सवुड आणि पेअर ही बारीक पोताची लाकडे वापरली. मूळ जहाजे ओकची होती, पण त्यांच्या प्रतिकृती ओकच्या असायलाच हव्यात असे त्यांनी मानले नाही. पश्चिम भारतात अशा गुणांच्या लाकडांची वाण नाही. हेदू पिवळसर, एकसारख्या पोताचा आणि कोरायला सुखाचा. काळा कुडा जवळजवळ हस्तिदंती पांढरा. चन्नपट्टणची खेळणी प्रामुख्याने याच झाडाच्या लाकडाची असतात. बागेत कुंपणाला लावली जाणारी कुंती दाट आणि फिकट पिवळी. पेरू आणि चिकू ही तर दारातली झाडे, पण त्यांचे लाकूड चिवट आणि बारीक कणांचे असते. बकुळ जड आणि तांबूस. बाभळीचा नैसर्गिक बाक खऱ्या होड्यांच्या फासळ्यांना वापरतात, आणि लहान फांदीतला तसाच बाक प्रतिकृतीच्या फासळीलाही उपयोगी पडतो. यातली बरीचशी लाकडे खऱ्या जहाजाच्या बांधणीत बिनकामाची. आखूड, वेडीवाकडी, पाण्यात न टिकणारी. समुद्रात जे दोष ठरतात त्यांना काचेच्या कपाटात काही अर्थ उरत नाही.

पण रूपाच्या बाजूने एवढा सरळ निकाल देऊन चालत नाही. द्रव्याची बाजू घेणाराही एक प्रबळ मानवी अनुभव आहे. नेल्सनचे एकेकाळचे ध्वजजहाज 'फुद्रॉयाँ' 1897 मध्ये ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटले, आणि त्याच्या लाकडातून आणि तांब्यातून असंख्य स्मरणवस्तू घडवून विकल्या गेल्या. त्या घेणाऱ्याला जहाजाच्या आकाराशी काही देणेघेणे नव्हते. त्याला ते लाकूड हवे होते, ज्याच्यावर नेल्सनचे पाऊल पडले असेल. थीसियसच्या जहाजाचा प्रश्न इथेच येऊन मिळतो. अथेन्सच्या लोकांनी ते जहाज जतन करताना कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलल्या आणि तत्त्वज्ञांमध्ये ते जहाज तेच की वेगळे यावर वाद माजला, असे प्लुटार्क सांगतो. सतराव्या शतकात हॉब्ज याने त्यात भर घातली: काढून टाकलेल्या सगळ्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि पुन्हा जोडल्या, तर दोन जहाजांपैकी थीसियसचे कोणते?

भारतीय दर्शनांनी या प्रश्नाला दिलेली उत्तरे अधिक धारदार आहेत, कारण त्यांनी कार्य आणि कारण यांचा संबंध मुळापासून तपासला. न्याय-वैशेषिकांच्या मते अवयवी, म्हणजे पूर्ण वस्तू, ही अवयवांहून निराळी असते. ती अवयवांत समवायाने, म्हणजे अतूट संबंधाने, राहते, आणि एखादा अवयव गेला की काटेकोर अर्थाने जुना अवयवी नष्ट होऊन नवा उत्पन्न होतो. या हिशेबाने थीसियसचे जहाज पहिली फळी बदलली त्या दिवशीच बदलले. छांदोग्य उपनिषदातला मातीचा दृष्टांत घेऊन चालणारा वेदान्ती नेमके उलट म्हणेल की माती तेवढी खरी, घट हे नुसते नाव. त्याच्या दृष्टीने जहाज आणि प्रतिकृती हा भेद नावापुरता, लाकूड तेवढे सत्य. प्रतिकृतीच्या प्रश्नाला मात्र सर्वांत उपयोगी पडतो तो उपमान प्रमाणाचा, म्हणजे सादृश्यावरून होणाऱ्या ज्ञानाचा, विचार. गवय हा रानपशू गाईसारखा असतो असे ऐकलेला माणूस रानात गवय पाहतो आणि ओळखतो. गाय वेगळी, गवय वेगळा, दोघांचे शरीर वेगळे, तरी सादृश्य आपले काम चोख करते. प्रतिकृती पाहिलेला माणूस हार्टलपूलला गेला आणि त्याने 'ट्रिंकोमाली' ओळखले, तर प्रतिकृतीचे काम झाले. ती पेरूची होती की सागाची, याने त्या ज्ञानात काडीचा फरक पडत नाही.

एवढ्यावर प्रश्न मिटला असता, तर लाकूड कोणतेही आणि कुठूनही घ्यावे असे म्हणता आले असते. तसे म्हणता येत नाही, आणि त्याचे कारण मूर्तिशास्त्रात सापडते. भागवत पुराणाच्या अकराव्या स्कंधात प्रतिमेचे आठ प्रकार सांगितले आहेत. दगडाची, लाकडाची, धातूची, लेपाची, चित्रातली, वाळूची, रत्नाची आणि मनातली. ज्या परंपरेला मनातली प्रतिमाही चालते, तिने द्रव्याचा आग्रह केव्हाच सोडला आहे असे वाटेल. पण सहाव्या शतकातल्या वराहमिहिराची बृहत्संहिता उघडली की चित्र पालटते. प्रतिमेसाठी लाकूड आणायला वनात कसे शिरावे यावर त्यात स्वतंत्र अध्याय आहे. स्मशानातले, देवळाजवळचे, वाटेवरचे, वारुळावर उगवलेले, मधमाश्यांचे पोळे असलेले, वीज पडलेले, वेलींनी वेढलेले झाड घेऊ नये. आदल्या रात्री झाडाची पूजा करून बळी द्यावा आणि त्यात राहणाऱ्या भूतमात्रांना नमस्कार करून दुसरीकडे वस्तीला जाण्याची विनंती करावी. सकाळी मध आणि तूप लावलेल्या कुऱ्हाडीने तोड सुरू करावी. झाड उभे असताना त्याची जी बाजू ज्या दिशेला होती ती ध्यानात ठेवून त्याप्रमाणे प्रतिमा बसवावी.

या नियमांचा तपशील सर्वत्र सारखा नाही. पुरीच्या जगन्नाथाच्या नवकलेवरात, म्हणजे मूर्ती नव्याने घडवण्याच्या विधीत, जो अलीकडे 2015 मध्ये झाला, मूर्तींसाठी निवडलेल्या कडुनिंबाजवळ स्मशान आणि वारूळ असणे हे उलट शुभलक्षण मानतात. पक्ष्यांचे घरटे असलेले झाड मात्र तिथे चालत नाही. देश बदलला की चिन्हे उलटीपालटी होतात, पण दोन गोष्टी दोन्हीकडे कायम राहतात: झाड काळजीपूर्वक शोधायचे, आणि त्याच्या आश्रयाला असलेल्या जीवाला बेघर करायचे नाही. परंपरा कोणते लाकूड याबाबत सैल आहे आणि ते कसे आणले याबाबत कडक आहे. प्रतिकृतीच्या लाकडाविषयीचा खरा विवेक इथेच आहे.

जहाजाच्या लाकडाबाबत मात्र जातीचाही विचार झाला आहे. भोज राजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरू' या ग्रंथात जहाजांच्या लाकडाचे चार वर्णांत वर्गीकरण आहे. राधाकुमुद मुखर्जी यांनी 1912 मधल्या भारतीय नौकानयनावरच्या पुस्तकात त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. हलके, मऊ आणि दुसऱ्याशी सहज जुळणारे ते ब्राह्मण, हलके पण कठीण आणि न जुळणारे ते क्षत्रिय, मऊ पण जड ते वैश्य, कठीण आणि जड ते शूद्र. माणसांच्या उतरंडीची नावे झाडांना देण्याचा हा प्रकार आज स्वीकारण्याचे कारण नाही. नावे बाजूला ठेवली तर खाली उरते ती वजन, काठिण्य आणि जुळणी यांवरची शहाणी विभागणी. दोन भिन्न जातींची लाकडे एकत्र केलेले जहाज टिकत नाही, हे त्यातले विधानही अनुभवाला धरून आहे. दोन लाकडे दमट हवेत सारखी फुगत नाहीत. कोकणातल्या पावसाळ्यात चिकू आणि काळा कुडा शेजारी शेजारी चिकटवलेल्या प्रतिकृतीचे सांधे पहिल्याच वर्षी सुटू शकतात.

लाकूड कसे आणावे या प्रश्नावर मराठीत जो सर्वांत महत्त्वाचा मजकूर आहे, तो धर्मग्रंथात नसून राज्यकारभाराच्या ग्रंथात आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात आरमाराचे एक प्रकरण आहे. आरमाराला फळ्या, सोट, डोलकाठ्या असे थोर लाकूड लागते, हे अमात्य आधी मान्य करतात. स्वराज्यातल्या अरण्यात साग वगैरे जे आहे ते परवानगी घेऊन तोडावे, कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावे. नंतर ते आंबा-फणसाकडे वळतात. ही झाडेही आरमाराच्या उपयोगाची आहेत, हे ते लपवत नाहीत. तरी त्यांना हात लावू देऊ नये असे बजावतात. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लावून पोटच्या पोरांसारखी वाढवलेली असतात. ती तोडली तर रयतेच्या दुःखाला पार राहत नाही, आणि एकाला दुःख देऊन केलेले कार्य करणाऱ्यासकट लयाला जाते. एखादे झाड जीर्ण होऊन फळेनासे झाले असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याचा संतोष सांभाळून तोडावे. बलात्कार, म्हणजे जबरदस्ती, सर्वथा करू नये.

या मजकुराचे मोल नीट समजले पाहिजे. किनाऱ्यावर सिद्दी, पोर्तुगीज आणि इंग्रज यांच्याशी झुंजणाऱ्या राज्याला गुराबा आणि गलबते हवी होती. लाकडाची गरज खरी होती, निकडीची होती, आणि झाडे समोर उभी होती. अशा वेळी राज्य आपल्याच हातावर निर्बंध घालते, आणि त्याची कारणमीमांसा झाडाच्या वयात, ते लावणाऱ्याच्या श्रमात आणि त्याच्या दुःखात शोधते. वराहमिहिराने झाडात राहणाऱ्यांची परवानगी मागितली, अमात्यांनी झाड वाढवणाऱ्याची. आरमारासाठी जे अयोग्य ठरले ते छंदासाठी योग्य ठरण्याचे काही कारण नाही. प्रतिकृतीला लाकूड लागते ते अगदी थोडे. पण गॅलिलिओचा हिशेब द्रव्याच्या ताकदीला लागू होतो, अन्यायाला नाही. शेजाऱ्याच्या फळत्या झाडाची फांदी न विचारता कापली, तर ती कितीही बारीक असली तरी कृत्य तेच राहते.

जैन आणि बौद्ध विचारांनी याच्याही पुढे पाऊल टाकले. जैन मतात वनस्पती हा एकेंद्रिय जीव आहे, आणि श्रावकाने टाळावेत अशा पंधरा व्यवसायांत जंगलतोडीवरचा व्यवसाय येतो. वाळून निर्जीव झालेले लाकूड मात्र अचित्त. बौद्ध विनयात भिक्षूला झाडे तोडण्याची मनाई आहे. त्या नियमाच्या मूळ कथेत तोडलेल्या झाडात राहणारी देवता तक्रार घेऊन बुद्धाकडे येते. सह्याद्रीतल्या देवरायांची रीत या दोन्हींच्या जवळची आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात या राया हिंडून अभ्यासल्या. कित्येक ठिकाणी पडलेली वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, असा दंडक असे, आणि गावाला अगदी निकड पडली तर देवाला कौल लावून मगच लाकूड घेतले जाई. असे लाकूड कितीही दुर्मीळ आणि देखणे असले तरी प्रतिकृतीसाठी आणू नये. दुर्मिळता हे लाकूड घेण्याचे कारण नाही. बहुतेक वेळा ते न घेण्याचे कारण असते.

सुदैवाने निर्दोष वाटेने मिळणारे लाकूड भरपूर आहे. वादळात मोडलेल्या फांद्या, बागेची छाटणी, जुन्या घराची चौकट, भंगारात निघालेल्या होडीची फळी. जिवंत झाडाबाबत महाराष्ट्रात कायदा स्पष्ट आहे. शहरांत 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि शहराबाहेर 1964 चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे.

अशा लाकडाला लागणारी मेहनत विकतच्या लाकडाला लागत नाही. छाटलेली पेरूची फांदी घेतली, तर पहिल्याच दिवशी तिच्या दोन्ही टोकांना मेण किंवा रंग लावावा लागतो, नाहीतर टोके आधी वाळून आतपर्यंत तडकतात. मग फांदी मधोमध, गाभ्यातून उभी चिरायची. गाभा तसाच ठेवला तर लाकूड वाळताना त्याच्याभोवती आक्रसते आणि फुटते. चिरलेले भाग सावलीत, वारा लागेल असे, मध्ये काटक्या घालून रचायचे आणि निदान एक पावसाळा व एक उन्हाळा जाऊ द्यायचा. तोवर काही तुकडे पिळवटतात, काहींना भुंगा लागतो आणि पांढरे पीठ गळू लागते. निम्मे लाकूड हाती लागले तरी पुष्कळ झाले. उरलेल्याच्या मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या पट्ट्या काढल्या, गरम पाण्यात भिजवल्या, की त्या जहाजाच्या नाळेच्या बाकावर न मोडता वळतात. हे सगळे केलेल्या माणसाला त्या झाडाचा स्वभाव कळलेला असतो. प्रतिकृतीत तोफ डागत नाही, शिडात वारा भरत नाही, नांगर तळाला जात नाही. तिथली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कशाची तरी खूण असते. लाकूड तेवढे कशाचीही नक्कल करत नाही. ते पेरूचेच असते आणि एका ठरावीक जागेवरून आलेले असते.

म्हणून ते रंगाखाली पूर्ण झाकून सागासारखे दाखवण्याची पद्धत या विवेचनाशी जुळत नाही. रूपाच्या बाबतीत प्रतिकृतीने मूळ जहाजाशी प्रामाणिक राहावे, द्रव्याच्या बाबतीत स्वतःशी. मूळ जहाजाला जिथे रंग होता तिथे रंग द्यायला हरकत नाही, पण पोत बदलल्याचे ढोंग नको. संग्रहालयांत आणि प्रदर्शनांत प्रतिकृतीखालच्या पाटीवर जहाजाचे नाव, बांधणीचे वर्ष आणि प्रमाण लिहितात. त्याखाली आणखी दोन ओळींची जागा ठेवावी, आणि लाकूड कोणते, झाड कुठले, ते पडले की छाटले, आणि कोणाच्या संमतीने घेतले, एवढे त्या ओळींत लिहावे.